रुडबेकिया उर्फ ब्लॅक-आइड सुझन: पानंच पानं, फुलाचा पत्ता नाही

रोपवेडी

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, कारण आता संयम संपला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रुडबेकियाचं बी पेरलं. पाकिटावरचं चित्र बघूनच घेतलं होतं: गर्द पिवळ्या पाकळ्या आणि मधोमध काळपट तपकिरी बोंड. दहाव्या दिवशी बी उगवलं. चौदातली नऊ रोपं जगली, सहा वाफ्यात आणि तीन कुंडीत लावली. आता फेब्रुवारी संपत आलाय. प्रत्येक रोप ताटाएवढं पसरून जमिनीला चिकटून बसलंय. पानं इतकी केसाळ आणि खरखरीत, की हात फिरवला तर मांजर चाटतंय असं वाटतं. पण दांडा नाही, कळी नाही, काही म्हणजे काही नाही.

ऊन सकाळी आठ ते दुपारी तीन. पाणी एक दिवसाआड. दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत. सोबत पेरलेले झेंडू आणि झिनिया फुलून, बी धरून, वाळूनसुद्धा गेले. माझं काय चुकतंय? की मी पाच महिने कौतुकाने तणच वाढवतेय?

उगाचच

सेम पिंच. माझीही तीन रोपं अशीच लोळत पडली आहेत. वाचनखूण साठवतोय.

अवकाळी

स्फुरद (फॉस्फरस) कमी पडतंय. हाडांच्या चुऱ्याचं खत घाला आणि माती हलकी खुरपून घ्या. पंधरा दिवसांत कळ्या दिसतील, लिहून घ्या.

निवडुंग७

एक मिनिट, ब्लॅक-आइड सुझन म्हणजे वेल ना? नारिंगी फुलं आणि मध्ये काळा ठिपका? माझी तर दोन महिन्यांत जाळी भरून टाकली तिने. तुमची जमिनीवर का पसरली आहे? आधार द्या की तिला, आपोआप चढेल.

खुरपं

निवडुंग, तुमचीही बरोबर आणि त्यांचीही बरोबर. एकाच नावाच्या दोन बायका आहेत या.

तुमची वेल म्हणजे थनबर्जिया अलाटा, मूळची पूर्व आफ्रिकेतली. तिच्या फुलाला पाच पाकळ्या दिसतात आणि मधला काळा ठिपका म्हणजे खरं तर फुलाच्या नळीचा गडद जांभळा गळा. डोकावून बघा, आत पोकळ आहे. रोपवेडीताईंकडे आहे ती रुडबेकिया हिर्टा. ती उत्तर अमेरिकेच्या गवताळ माळांवरची आणि सूर्यफुलाच्या कुळातली. तिचा 'डोळा' पोकळ नसतो, उलट वर आलेला शंकू असतो. त्यात शेकडो बारीक फुलं दाटीवाटीने बसलेली असतात. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती प्रत्येक एक स्वतंत्र फूल, तेही वांझ. तिचं काम फक्त जाहिरातीचं. दोघींचा वनस्पती म्हणून एकमेकींशी काडीचा संबंध नाही.

पण नावांचा संबंध मजेदार आहे. रुडबेकिया हे नाव लिनियसने, म्हणजे वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञाने दिलं, ते स्वीडनमधल्या उप्सालाचे प्राध्यापक ओलोफ रुडबेक आणि त्यांचे त्याच नावाचे वडील यांच्यावरून. धाकटे रुडबेक लिनियसचे गुरू. विद्यार्थी असताना तो त्यांच्या घरी राहून त्यांच्या मुलांना शिकवायचा. आणि थनबर्जिया हे नाव ज्याच्यावरून पडलं तो कार्ल पीटर थनबर्ग, लिनियसचाच शिष्य. म्हणजे एक सुझन गुरूच्या नावाची, दुसरी शिष्याच्या.

हिर्टा म्हणजे लॅटिनमध्ये केसाळ. तुमच्या मांजराच्या जिभेची नोंद सरकारी दप्तरात १७५३पासून आहे.

आता मूळ प्रश्न. ताई, खतबित नंतर बघू. आधी सांगा, तुमच्याकडे सध्या सूर्योदय आणि सूर्यास्त किती वाजता होतो?

रोपवेडी

सात वाजता आणि साडेसहाला, साधारण. का हो? पत्रिका मांडताय का रोपाची?

आजोबा_बागवान

मुली, काळजी करू नकोस. हे रोप मुळात दोन वर्षांचं. पहिल्या वर्षी पानं पसरून मुळात साठा करायचा, दुसऱ्या वर्षी दांडा काढून फुलायचं, बी टाकायचं आणि बहुतेक वेळा मरून जायचं. काही रोपं तिसऱ्या वर्षीही उगवतात, पण त्या भरवशावर राहू नये. तू पेरून पाच महिने झालेत. थांब.

कात्रीवाला

आजोबा, पण पाकिटांवर 'पेरल्याच्या वर्षी फुलते' असं लिहिलेलं असतं. माझ्याकडे मार्चमध्ये पेरलेली जुलैत फुलली होती. दुसरं वर्ष उजाडायची गरजच पडली नाही.

आजोबा_बागवान

लिहिलेलं असतं खरं. बागेतल्या जाती निवडून निवडून लवकर फुलणाऱ्या केल्या आहेत. रानातल्या वाणाबद्दल मी बोललो. पण मग हिच्या ऑक्टोबरातल्या रोपाला काय झालं, ते मलाही सांगता येत नाही.

खुरपं

कात्रीवाल्यांनी उत्तर दिलंच आहे, फक्त त्यांना ते माहीत नाही. मार्चमध्ये पेरलं, जुलैत फुललं. ताईंनी ऑक्टोबरात पेरलं, फेब्रुवारीत नाही. दोन्हीकडे महिने सारखेच. फरक दिवसाच्या लांबीचा.

रुडबेकिया ही 'मोठ्या दिवसाची' वनस्पती आहे. बहुतेक जातींना दांडा काढायला तेरा-चौदा तासांच्या आसपास किंवा त्याहून मोठा दिवस लागतो. तो मिळेपर्यंत रोप जमिनीवर पसरून पानांवर पानं काढत राहतं. शास्त्रज्ञांनी हे झाड यासाठी पूर्वीपासून वापरलंय, कारण फरक डोळ्यांना दिसतो: छोट्या दिवसात चपटं, मोठ्या दिवसात कंबरेएवढं. तुमचा दिवस साडेअकरा तासांचा आहे. रोप आजारी नाही, उपाशी नाही. ते वाट बघतंय.

झेंडू आणि झिनिया यांना मोठा दिवस लागत नाही, उलट दिवस लहान असताना ते लवकर फुलतात. म्हणून ते तुमच्याकडे हिवाळ्यात फुलून मोकळे झाले. शेवंती तर पक्की छोट्या दिवसाची. एकाच दिवशी, एकाच मातीत पेरलेल्या रोपांची अशी ताटातूट होते.

गंमत म्हणजे झाडं प्रत्यक्षात दिवस मोजत नाहीत, रात्र मोजतात. सलग अंधार किती तास राहिला, हे पानांतलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य टिपतं. म्हणून मध्यरात्री थोडा वेळ उजेड पाडला तर एका लांब रात्रीच्या दोन छोट्या रात्री होतात आणि झाड फसतं. फुलांची व्यापारी शेती करणारे हे नेहमी करतात. रात्री दहा ते दोन असे चार तास दिवा.

अवांतर: दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी संबंध आहे, हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२०मध्ये मांडलं. त्यांचं गाजलेलं झाड म्हणजे 'मेरिलँड मॅमथ' नावाचा तंबाखू. तो उन्हाळाभर नुसता उंच वाढायचा आणि फुलायचा नाही, कारण त्याला छोटा दिवस हवा होता. आणि त्याच मेरिलँडचं राज्यफूल १९१८पासून कोणतं? ब्लॅक-आइड सुझन. एकाला छोटा दिवस हवा, दुसरीला मोठा.

निवडुंग७

बाप रे. मी आपलं 'आधार द्या' म्हणून मोकळा झालो होतो.

अवकाळी

ऐकायला छान आहे. पण मी हाडांचा चुरा घालून गुलाब, जास्वंद, सगळ्यांवर फुलं आणली आहेत. तांत्रिक माहिती लिहिली की साधे उपाय खोटे ठरत नाहीत.

खुरपं

खोटे नाहीत हो. मातीत स्फुरद खरंच कमी असेल तर फुलं कमी येतात. पण घरच्या वाफ्यात वर्षानुवर्षं खत पडलेलं असतं, तिथे स्फुरद सहसा पुरेसं असतं. आणि ज्या रोपाने अजून फुलायचं ठरवलंच नाही त्याला ते ठरवायला लावणारं खत नसतं. उलट ताई दर पंधरा दिवसांनी गांडूळखत घालताहेत, ते मी आजपासून बंद करेन. माळावरचं झाड आहे. नत्र जास्त झालं की पानं माजतात, दांडे उंच आणि मऊ होतात, आणि फुलं आल्यावर पहिल्या वाऱ्यात आडवे पडतात. लावताना शेणखत मिसळलं असेल तर वर्षभर ते पुरे.

पाणीही. वाफ्यातलं रोप एकदा रुजलं की वरची दोन-तीन सेंटिमीटर माती कोरडी होऊ द्या आणि मग घाला. चिकणमाती, हलकी माती, काहीही चालेल, पण पाणी साचून राहिलेलं चालत नाही. मुकुट, म्हणजे मुळाच्या वरचा पानं फुटण्याचा भाग, ओला राहिला की कुजतो.

रोपवेडी

मला हे करून बघायचंय! दिवा कसला लागेल? घरात जुना टेबल लॅम्प आहे आणि वेळ लावून चालू-बंद करणारा प्लगही आहे.

खुरपं

पिवळट प्रकाशाचा दिवा घ्या, ज्यात तांबडा भाग जास्त असतो. निळसर पांढरा नको. प्रकाश खूप लागत नाही. त्यावर रोपाला जेवायचं नाहीये, फक्त अंधार मोडायचाय. रोपांपासून मीटरभर वर असला आणि तिथे पुस्तक वाचता येईल इतका उजेड पडला की पुष्कळ. बाहेर वायर नेताय तर पावसापाण्यापासून जपा, याबाबत हयगय नको. कळ्या स्पष्ट दिसेपर्यंत रोज लावा. अर्धवट सोडलं तर काही रोपं गोंधळतात.

रोपाला आठ-दहा मोठी पानं हवीत. अगदी बाळरोपावर दिव्याचा उपयोग नाही. तुमची तर ताटाएवढी आहेत.

अवकाळी

आणि एप्रिल-मेमध्ये फुलं आली की म्हणाल दिव्याने आली. दिवस तसाही मोठा होतोय, ऊन वाढतंय, उष्णता वाढतेय. काय कळणार कशाने आली ते?

रोपवेडी

अवकाळी, मुद्दा पटला. तीनपैकी दोन कुंड्या घराच्या दुसऱ्या बाजूला नेते, तिथे ऊन तेवढंच पण रात्री काळोख. आणि कुंडी वेगळी, वाफा वेगळा असं तुम्ही परत म्हणालच, म्हणून वाफ्यातल्या कडेच्या एका रोपावर रोज रात्री झोपण्याआधी काळी बादली पालथी घालेन आणि सकाळी उठल्यावर काढेन. बाकी सहा दिव्याखाली. उद्यापासून सुरू.

अवकाळी

बादली! मान गये. बघू.

ढगाळ

उशिरा आले धाग्यावर. आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ पडतो आणि जूनमधला दिवस सोळा तासांचा असतो, त्यामुळे हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. इथे ती जूनअखेरीला सुरू होते आणि पहिलं कडक हिमदव पडेपर्यंत फुलते. मी बी घरात फेब्रुवारी-मार्चमध्ये लावते, थंडी गेली की बाहेर. काही बी शरद ऋतूत थेट वाफ्यात भुरभुरते, ते बर्फाखाली झोपून वसंतात उगवतं.

एक सांगते, जे नवे लावणार असतील त्यांच्यासाठी. बी मातीत गाडू नका. दोन मिलिमीटरचं काळं, टोकदार बी असतं आणि उजेड मिळाला की ते बरं उगवतं. ओल्या मिश्रणावर टाकायचं, बोटाने हलकं दाबायचं, वर काही नाही. २० ते २४ अंश तापमानात एक ते तीन आठवडे. पाणी फवाऱ्यानेच, नाहीतर सगळं बी कुंडीच्या एका कोपऱ्यात जमा होतं. माझं पहिल्या वर्षी झालं होतं: एका कोपऱ्यात जंगल आणि उरलेल्या कुंडीत वाळवंट. रोपांमध्ये ३० ते ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा. लहानपणी ते खूप वाटतं. नंतर भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आली की कळतं का सांगितलं होतं.

आणि ज्यांना दरवर्षी पेरायचा कंटाळा आहे त्यांनी 'गोल्डस्टर्म' बघा. ती रुडबेकिया हिर्टा नाही, फुल्गिडा आहे. खरी बहुवर्षायू, दरवर्षी मुळातून फुटते आणि हळूहळू पसरते. तिला १९९९मध्ये 'वर्षातली बहुवर्षायू वनस्पती' हा किताबही मिळाला होता. पण किताब मिळाल्यावर ती सगळीकडे इतकी लावली गेली, की तिच्यावरचा सेप्टोरिया करपासुद्धा (पानांवर डाग पाडणारी बुरशी) सगळीकडे पोचला, हे माझं वैयक्तिक मत.

कात्रीवाला

ढगाळ, जातींबद्दल अजून लिहा ना. मला फुलदाणीसाठी उंच हवी आहे.

ढगाळ

उंच आणि मोठ्या फुलाची हवी तर 'इंडियन समर', फूल तळहाताएवढं, १५ सेंटिमीटरपर्यंत. 'प्रेअरी सन'चा डोळा काळा नसून हिरवा असतो, पाकळ्यांची टोकं फिकट. 'चेरोकी सनसेट' दुहेरी पाकळ्यांची, पिवळ्यापासून वीटकरी-तांबड्यापर्यंत सगळ्या छटा एकाच पाकिटात. 'टोटो' बुटकी, कुंडीसाठी. 'चेरी ब्रँडी' लालसर, मला फोटोत आवडते, बागेत नाही.

'ग्लोरिओसा डेझी' म्हणून जी मोठाली विकतात तीही हीच. ब्लेक्सली नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने कोल्चिसीन नावाचं रसायन वापरून गुणसूत्रं दुप्पट केली, त्यातून ती आली. १९५७पासून बाजारात आहे.

कापताना फूल पूर्ण उघडलेलं पण मधला शंकू अजून घट्ट असावा. पाण्यात बुडणारी पानं काढा, पाणी एक-दोन दिवसांनी बदला. आठवडाभर सहज टिकतं.

सायली_नाही_मी

पाकिटांवर भरवसा ठेवू नका एवढंच सांगायला आले. मी 'ब्लॅक-आइड सुझन' मागवलं, आली निवडुंग७ यांची वेल. विक्रेत्याला लिहिलं तर म्हणाला, नाव तेच आहे. तांत्रिकदृष्ट्या खोटं बोलला नाही तो! म्हणून मागवताना रुडबेकिया की थनबर्जिया, ते शास्त्रीय नाव बघूनच घ्या.

रोपवेडी

ताजी खबर. दिवा लावून पाच आठवडे झाले.

दिव्याखालच्या सहापैकी पाच रोपांनी मान वर काढली! पानांच्या मधोमध दांडा आलाय, सर्वांत उंच साधारण वीतभर. कुंडीतलंही उठलंय. बादलीवालं रोप आणि दुसऱ्या बाजूच्या दोन्ही कुंड्या अजून जमिनीला चिकटून. खरं सांगते, सकाळी चहा तसाच ठेवून मी वाफ्यापाशी उकिडवी बसले होते.

शेजारच्या काकूंनी परवा विचारलं, रात्री बारा वाजता बागेत दिवा लावून काय शोधता? मी म्हटलं, दिवस शोधतेय. त्यानंतर त्या माझ्याशी जरा जपून बोलतात.

आजोबा_बागवान

शाब्बास. माझं 'दुसरं वर्ष' खोटं पाडलंस, बरं वाटलं.

अवकाळी

पाच आठवडे म्हणजे अजून काही सिद्ध नाही. पण बादली रोज घालतेस ना? खरं सांग.

रोपवेडी

दोनदा विसरले. कबूल.

उगाचच

माझी अजून लोळताहेत. दिवा लावायचा आळस आहे. कोणाला दोष देत नाही.

रोपवेडी

मंडळी, फूल! दहाव्या आठवड्यात पहिलं फूल उघडलं. आधी हिरवट चपटी कळी, मग पाकळ्या वर दुमडलेल्या, मग एका दिवसात आडव्या पसरल्या. आज तेरा पाकळ्या मोजल्या. डोळा काळा म्हणतात पण जवळून गडद तपकिरी-जांभळा आहे, मखमलीसारखा. आणि त्याच्या तळाशी पिवळी बारीक कडी दिसतेय. ती काय? बुरशी तर नाही ना?

खुरपं

अभिनंदन! बुरशी नाही, पराग. शंकूतली बारीक फुलं एकदम उघडत नाहीत, खालच्या कडेपासून वर, कड्याकड्याने उघडतात. रोज बघा, ती पिवळी कडी एकेक पायरी वर चढत जाईल. टोकाला पोचली की फूल संपत आलं समजा. आठ-दहा दिवस तरी हा कार्यक्रम चालतो.

अजून एक, जे आपल्याला दिसत नाही. तुम्हाला पाकळी टोकापासून बुडापर्यंत एकसारखी पिवळी दिसते. मधमाशीला अतिनील प्रकाश दिसतो. तिला याच पाकळीचं टोक उजळ आणि बूड काळं दिसतं, कारण बुडातली फ्लेवोनॉल नावाची रंगद्रव्यं अतिनील प्रकाश शोषून घेतात. हे १९७२मध्ये याच फुलावर दाखवलं गेलं. म्हणजे मधमाशीसाठी सुझनचा डोळा आपल्याला दिसतो त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा, नेमबाजीच्या लक्ष्यासारखा.

निवडुंग७

हे वाचून मी बाहेर जाऊन माझ्या वेलीकडे संशयाने बघून आलो.

सायली_नाही_मी

अवांतर पण राहवत नाही. मेरिलँडमध्ये प्रीकनेस नावाची घोड्यांची मोठी शर्यत होते, जिंकलेल्या घोड्यावर ब्लॅक-आइड सुझनची चादर घालतात. पण शर्यत असते मे महिन्यात, आणि तिथे हे फूल तेव्हा फुलत नाही! म्हणून पूर्वी डेझीच्या फुलांचे मध्यभाग काळे रंगवून चादर करायचे. राज्यफुलाच्या नावाने दुसरंच फूल. खुरपं यांचा दिवसाचा हिशोब वाचल्यावर आता कळलं, मेमध्ये का नसतात ते.

कात्रीवाला

म्हणजे रोपवेडीताई त्या शर्यतीला खरी फुलं पुरवू शकतील. दिवा मोठा घ्यावा लागेल.

रोपवेडी

हाहा. पण आता नवं संकट. खालच्या पानांवर गडद तपकिरी डाग, कोनाकोनाचे, शिरांच्या मध्ये अडकल्यासारखे. शिवाय दोन दांड्यांवर मावा, चक्क लालसर रंगाचा.

ढगाळ

डाग सेप्टोरियाचेच वाटतात, खालून वर चढतोय म्हणजे मातीतून पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर आलाय. डागाळलेली पानं काढून टाका, कंपोस्टात नको. पाणी बुडाशी, तेही सकाळी. मातीवर वाळक्या पानांचं आच्छादन घाला म्हणजे शिंतोडे उडणार नाहीत. याने झाड मरत नाही, फक्त बुडापासून उघडं आणि केविलवाणं दिसतं. पुढे एखादं लहान झाड लावून पाय झाकता येतात. पानांवर पिठासारखं पांढरं आलं तर ती भुरी, तिला मोकळी हवा हाच मुख्य उपाय.

मावा पाण्याच्या जोराच्या धारेने पाडा, दोन-तीन दिवस लागोपाठ. लेडीबगच्या अळ्या दिसल्या तर काहीच करू नका, त्या करतील. फवारणी करायचीच तर निंबोळी तेल, संध्याकाळी, आणि उघडलेल्या फुलांवर नाही.

एका गोष्टीची भीती बाळगा मात्र. फूल हिरवं, वेडंवाकडं, पाकळ्यांच्या जागी पानांसारखं काही आलं तर तो 'अ‍ॅस्टर यलोज' नावाचा रोग, तुडतुडे पसरवतात. त्यावर औषध नाही. झाड मुळासकट उपटायचं. 'वेगळी जात निघाली' म्हणून कौतुकाने ठेवलं तर शेजारची झाडंही जातात.

आणि फुलावर वाळक्या पाकळ्यांचा चुरा हलताना दिसला तर चुरा समजून झटकू नका. इथे एका पतंगाची अळी पाकळ्यांचे तुकडे तोडून स्वतःच्या पाठीवर चिकटवते आणि फुलाचाच भाग असल्यासारखी बसते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझा चष्मा बदलायची वेळ आली असं वाटलं होतं.

रोपवेडी

जूनची शेवटची खबर, अवकाळींसाठी खास. दिव्याखालच्या सहाही झाडांना आता फुलं आहेत, सगळ्यांत मोठ्याला एका वेळी बावीस. बादलीवाल्या रोपाने मेच्या शेवटी दांडा काढला, त्याला आता कळ्या आहेत. दुसऱ्या बाजूच्या कुंड्यांतही दांडे आले. म्हणजे दिवस आपोआप मोठा झाल्यावर ती उठलीच, पण सात-आठ आठवडे उशिरा. हाडांचा चुरा कुणालाच घातला नव्हता.

अवकाळी

मान्य. पूर्ण मान्य. तरी बादलीमुळे त्याची वाढ खुंटली असेल अशी एक बारीक शंका नोंदवून ठेवतो. कुंड्यांवर बादली नव्हती हे माहीत आहे, सांगू नका.

कात्रीवाला

सुकलेली फुलं काढता ना ताई? फक्त फुलाची मान तोडू नका, खालच्या पहिल्या चांगल्या पानापर्यंत दांडा कापा. तिथून नवी फांदी फुटते आणि बहर लांबतो. कात्री पुसून घ्या, डागाचा रोग तिच्यावरूनही फिरतो. आणि पूर्ण बाही घाला, त्या केसांनी माझ्या हातांना पुरळ येतं.

आजोबा_बागवान

शेवटची काही फुलं मात्र ठेव बरं का, बियाण्यासाठी. पाकळ्या गळल्यावर शंकू महिनाभर झाडावरच वाळू दे. करडा झाला, बोटाने चोळल्यावर बी सुटायला लागलं की कापायचा, कागदी पिशवीत उलटा टांगायचा. प्लॅस्टिकमध्ये ठेवलंस तर बुरशी. पाखरं आधी पोचली तर त्यांचं नशीब. निवडक जातीचं बी आईसारखं येईलच असं नाही, विशेषतः रंगीत मिश्रणाचं.

उगाचच

आजोबा, माझा मित्र म्हणतो त्याच्या एकुलत्या एका झाडाचं बी कधीच उगवत नाही. सगळं पोकळ निघतं.

खुरपं

एकटंच झाड असेल तर तसंच होणार. रुडबेकिया हिर्टाला सहसा स्वतःचा पराग चालत नाही. दुसऱ्या रोपाचा पराग आणि तो आणणारी मधमाशी, दोन्ही लागतात. मित्राला अजून दोन-तीन रोपं लावायला सांगा. एकाच झाडाच्या काड्या नकोत, बियांपासून वाढलेली वेगवेगळी रोपं.

रोपवेडी

बी जमवायला सुरुवात केली आहे. आणि एक प्रश्न. वाफ्याच्या कडेच्या फरशीच्या फटीत चार इवली रोपं आली आहेत. मी पेरलेली नाहीत. याच्या बियांना तर उडायला पिसंही नाहीत ना?

ढगाळ

नाहीत, खाली पडतात आणि पाण्याबरोबर वाहत जातात. खात्री करायची तर पान बोटांत धरा. मांजर चाटलं तर तुमचीच.

रोपवेडी

चाटलं. चारांपैकी तिघांनी. चौथं गवत निघालं.

उगाचच

माझ्या एका रोपाला आज दांडा आला! दिवा न लावता. तुमच्या बादलीवाल्याचा भाऊ समजा.